झालं माझं

सलग चोविसाव्या सकाळी काट्याने एक्क्याऐंशी पूर्णांक चार हाच आकडा दाखवला. शर्वरीची आई काट्यावरून उतरली, हातातल्या बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या, पदर घट्ट खोचला आणि पुन्हा चढली. एक्क्याऐंशी पूर्णांक चार.

"मेला हट्टाला पेटलाय," ती म्हणाली.

शर्वरी कॉटवर पडून हे बघत होती. पोटात पाणी भरल्यापासून नुसतं उठून बसायचं म्हटलं तरी तिला दम लागायचा. वय बत्तीस. हायस्कूलला गणित शिकवायची. वर्षभरापूर्वी तिच्या शरीराने काहीही कारण नसताना स्वतःच्याच यकृतावर हल्ला सुरू केला होता आणि आता त्यातलं थोडंच कामाचं उरलं होतं. कुणाच्या तरी यकृताचा तुकडा मिळाला तर ती जगणार होती. पप्पांना वीस वर्षांचा डायबेटिस, त्यामुळे ते पहिल्या तपासणीतच बाद झाले. आईचं सगळं जुळलं, पण आईच्या यकृतात सव्वीस टक्के चरबी निघाली.

"दहाच्या खाली यायला हवी," डॉक्टर नाझनीन मुजावरांनी सांगितलं होतं. "त्यासाठी वजन बहात्तरपर्यंत उतरलं पाहिजे. नाहीतर तुम्ही दिलेला तुकडा हिला पुरणार नाही आणि उरलेला तुम्हाला पुरणार नाही."

वजनाच्या बाबतीत शर्वरीच्या आईला, वैजयंता साळुंखेला, कुणी शिकवायची गरज नव्हती. मिरजेतल्या एका अंगणवाडीत तिने एकतीस वर्षं पोरांची वजनं केली होती. रडणारं पोर झोळीत घालून काट्याला अडकवायचं, आकडा वाचून तक्त्यावर टिंब द्यायचं, मग दंडाला रंगीत पट्टी गुंडाळायची. हिरवा रंग आला तर पोराच्या हातावर चिक्की ठेवायची, पिवळा आला तर त्याच्या आईला दटावायचं आणि लाल आला तर हातातलं काम टाकून दवाखाना गाठायचा. एकतीस वर्षं लोकांच्या पोरांचं वजन वाढावं म्हणून जीव टाकलेली ही बाई आता स्वतःच्या पोरीसाठी स्वतःचं वजन उतरवायला निघाली होती.

सुरुवातीला ते भराभर उतरलं. तिने साखर सोडली, भात सोडला. सकाळी गणेश तलावाला फेऱ्या मारल्या, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन जिना चढली-उतरली. पाच महिन्यांत त्र्याण्णववरून एक्क्याऐंशीवर आली आणि तिथे गाडी रुतली. तिने फेऱ्या दुप्पट केल्या. भाकरी अर्धी करून मटकी आणि अंडी वाढवली. पोरांच्या जिममध्ये जाऊन डंबेल उचलले, तिथल्या पोरांनी आजी म्हटलं तेही गिळलं. कुणीतरी सांगितलं म्हणून एक आठवडा मुद्दाम पोटभर जेवूनही बघितलं. काटा काही हलला नाही. आणि शर्वरीच्या डोळ्यांतला पिवळा रंग मात्र दर आठवड्याला गडद होत होता.

"चूक तुमची नाही," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "तुमचं शरीर घाबरलंय."

त्यांनी जे समजावलं ते शर्वरीला लगेच कळलं. आपल्या चरबीतून मेंदूला सतत एक निरोप जात असतो, कोठारात किती धान्य आहे याचा. चरबी कमी झाली की निरोप बारीक होतो आणि मेंदूला वाटतं दुष्काळ आला. मग तो कंजूष होतो. भूक वाढवतो, अंगातली ऊब कमी करतो आणि स्नायूंना कमी खर्चात काम उरकायला लावतो. ज्या फेरीला आधी दोनशे कॅलरी जळायच्या, त्याच फेरीला आता दीडशेच जळतात. माणूस खाणं कमी करतो, शरीर खर्च कमी करतं, आणि दोघांची बरोबरी झाली की काटा थांबतो. सावकाश, वर्षभर नेटाने केलं तर तो पुन्हा हलतोही.

"वर्ष नाही आपल्याकडे," आई म्हणाली.

"नाही. अडीच महिने आहेत."

म्हणून मग 'समतोल' आलं. ते बाजारात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. रुपयाएवढी चकती, गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवायची. तिथून जाणाऱ्या नसेवाटे ती मेंदूला खोटा निरोप पाठवायची: कोठार भरलेलं आहे, बिनधास्त खर्च कर. घाबरलेलं शरीर सैल पडायचं आणि चरबी जाळायला लागायचं. हे यंत्र बसवून द्यायला निरंजन तगारे नावाचा एक हसतमुख माणूस आला होता. त्याने एका गोष्टीवर फार जोर दिला.

"ताई, पोटात अन्न असेल तेव्हाच हे चालू राहायला पाहिजे. उपाशीपोटी चाललं तर शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळतं. हातापायाचे जाळतं आणि हृदयही स्नायूच आहे. म्हणून ही सोबतची डबी तुम्हाला दिवसातनं तीनदा विचारेल. हो म्हणालात तर सहा तास चालू, नाही म्हणालात तर बंद."

"त्याला आपलं आपण कळत नाही का?" शर्वरीने विचारलं.

"रक्तातली साखर बघतं ना. पण शरीर स्नायू मोडून पण साखर तयार करतं. ती जेवणाची का घरची, हे नक्की सांगता येत नाही. म्हणून विचारायचं." तो हसला. "लोक खाऊन नाही म्हणतात, त्याचा सगळा बंदोबस्त केलाय आम्ही. वडापाव लपवला तरी सापडतो."

आणि ते खरंच होतं. खाऊन नाही म्हणणाऱ्या हजारो माणसांवर त्यांनी यंत्र तावून सुलाखून घेतलं होतं. न खाता कुणी हो म्हणेल, हे मात्र त्या कंपनीत कुणाच्या डोक्यात आलं नाही. आपल्याकडच्या एखाद्या बाईला दुपारी एक वाजता त्यांच्यापैकी कुणी जेवलात का म्हणून विचारलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

चकती बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई परातीत भाकरी थापत होती. पप्पा ताटावर बसले होते, पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाल्यापासून ते एकच्या ठोक्याला बसायचे. शर्वरीसाठी भाकरी दुधात कुस्करून ठेवली होती. तेवढ्यात ओट्यावरच्या छोट्या डबीतून बाईचा गोड आवाज आला.

"वैजयंताताई, जेवण झालं का?"

आईचे दोन्ही हात पिठात. ती दचकली, आणि पाहुण्यांशी बोलावं तशी बोलली, "झालं, झालं. तुमचं?"

पप्पांना ठसकाच लागला. शर्वरीही कितीतरी दिवसांनी हसली. डबीवर हिरवा दिवा लागला. आईने तव्यावरची भाकरी उलटली.

ती जेवली नव्हती हे तिघांनाही दिसत होतं आणि तिघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. जेवलात का म्हणून कुणी विचारलं की झालं म्हणायचं असतं. नाही म्हटलं तर समोरच्याला वाटतं आपल्याकडून काही हवंय. अंगणवाडीत साहेब तपासणीला आले की आई झालं म्हणायची, लग्नघरात शेवटची पंगत उठली तरी झालं म्हणायची. घरात सगळ्यांचं आटोपल्यावर अडीच-तीनला उरलंसुरलं घेऊन ओट्यापाशी उभ्यानेच खायची, कधी तेही राहून जायचं. आजवर त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं, निदान तसं सगळे समजत होते.

पहिल्याच आठवड्यात वजन दीड किलोने उतरलं. आईने देवापुढे साखर ठेवली आणि ती पप्पांना सापडू नये म्हणून लगेच उचलली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा दीड. डॉक्टर मुजावर खूश झाल्या. अंदाज आठवड्याला किलोचा होता.

तिसऱ्या आठवड्यात शर्वरीच्या लक्षात आलं. ती गणिताची मास्तरीण, आणि दिवसभर पडून राहण्यापलीकडे तिला काही काम नव्हतं. आई दुपारी सात भाकरी करायची. पप्पांच्या तीन, शर्वरीची एक, म्हणजे आईच्या वाट्याला उरतात तीन. संध्याकाळी ती भिंत धरत स्वयंपाकघरात गेली आणि टोपली उघडली. तिन्ही भाकरी तशाच होत्या. दुसऱ्या दिवशीही तीन. रात्री त्या पप्पांच्या ताटात कुस्करून जात होत्या. आई अडीच वाजताही जेवत नव्हती. ती सकाळी चहा घेत होती, दुपारी वाटीभर ताक, आणि तीन वेळा गोड आवाजाला झालं म्हणत होती.

शर्वरीने फोन हातात घेतला. तगारेचा नंबर त्यात होता. त्याला एवढंच सांगायचं होतं की आई उपाशी असते. तो तिथूनच यंत्र बंद करणार होता.

त्या सकाळी काटा शहात्तर पूर्णांक नऊ म्हणाला होता. तिने मनात आकडेमोड केली. याच वेगाने गेलं तर आणखी साडेतीन आठवडे. यंत्र बंद केलं तर कधीच नाही. तिला आईसाठी भीती वाटली हे खरं, पण त्याहून मोठा आनंद झाला, आपण वाचतोय याचा. तिने फोन उशीखाली ठेवला आणि स्वतःला सांगितलं की उद्या बोलू.

असे अकरा उद्या गेले. आईचे गाल बसले. जिन्यात ती मध्येच थांबून कठडा धरायला लागली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, वैजू, काय बारीक झालीस गं, आम्हालाही सांग. आई हसून म्हणायची, "तुम्हाला न्हाई जमायचं."

बाराव्या दिवशी दुपारी पप्पा औषधं आणायला गेले होते. शर्वरी पाण्यासाठी उठली तर आई मागच्या खोलीत जमिनीवर बसली होती. पुढ्यात अंगणवाडीतली जुनी पत्र्याची पेटी उघडी होती आणि आई दंडाला पट्टी गुंडाळत होती. ती लहान पोरांची पट्टी. मोठ्या माणसाच्या दंडाला ती पुरतही नाही, टोकाला टोक लागायला दोन बोटं कमी पडत होती.

"आई."

आईने पट्टी सोडली नाही. "आठवड्यापूर्वी चार बोटं कमी पडत होती," ती म्हणाली.

शर्वरी भिंतीला टेकून खाली बसली. "तू जेवत नाहीस. मी भाकरी मोजल्या."

"कधीपासून मोजतीयस?"

आईला हिशेब कळायला वेळ लागला नाही. तिने मान हलवली, रागाने नव्हे.

"बरं केलंस, बोलली न्हाईस ते."

"त्या यंत्राला सांग ना की जेवले नाही म्हणून. एवढंच सांगायचंय. तुला कळत नाहीये, ते उपाशीपोटी..."

"मला कळत न्हाई?" आईने पट्टी नीट गुंडाळून पेटीत ठेवली. "एकतीस वर्षं हेच बघितलं मी शरू. पोट उपाशी राहिलं की आधी गाल जातात, मग दंड, मग पोरगं रडायचंबी बंद होतं. पहिल्या दिवशी मी त्या बाईला सवयीनं झालं म्हणाले. आठवड्यानं काट्यावर चढले तवा माझ्या ध्यानात आलं की हे कशानं उतरतंय. त्यानंतर मी एकदापण सवयीनं म्हणाले न्हाई."

शर्वरीला रडू आलं. आईने तिला जवळ ओढलं नाही, कारण आईच्या हातात तेवढा जोर नव्हता. तीच सरकून शर्वरीशेजारी आली.

"अडीच किलो राहिलेत. ऑपरेशन झालं की रोज चार भाकऱ्या खाते, तू मोज. पण आता कुणाला काय बोलायचं न्हाई. पप्पांना तर अजिबात न्हाई."

"आणि तुला काही झालं तर?"

"मला काय होतंय," आई म्हणाली. शर्वरीने त्या उत्तरावर विश्वास ठेवायचं ठरवलं. तिला दुसरं काही परवडणारं नव्हतं.

सहा दिवसांनी तगारेचा फोन आला. वजन त्र्याहत्तर पूर्णांक एक होतं. आई स्वयंपाकघरात होती, परातीवर हाताच्या थापा ऐकू येत होत्या, पूर्वीपेक्षा सावकाश.

"मॅडम, ताईंचे आकडे जरा वेगळे दिसतायत," तो म्हणाला. आज त्याच्या आवाजात हसू नव्हतं. "उतार अंदाजापेक्षा दीडपट आहे. जेवणानंतर साखर चढायला पाहिजे तशी चढत नाही. पण उत्तर तिन्ही वेळा हो आहे. घरच्यांना विचारल्याशिवाय मला बंद करता येत नाही, म्हणून फोन केला. त्या खरंच जेवतात ना?"

"बंद केलं तर?"

"तर शरीर सावरू द्यायचं, दोनेक महिन्यांनी पुन्हा सुरू करायचं."

शर्वरीने आपल्या हातांकडे बघितलं. नखंसुद्धा पिवळी झाली होती. तिच्याकडे दोन महिने नव्हते. परातीवरचा आवाज थांबला होता. आई दाराच्या पलीकडे उभी राहून ऐकत असणार.

"हो, जेवते की," शर्वरी म्हणाली. "माझ्यासमोर बसून जेवते."

थोड्या वेळाने परातीवरचा आवाज पुन्हा सुरू झाला.

बहात्तर पूर्णांक शून्य. यकृतातली चरबी आठ टक्के. हृदयाची तपासणी झाली, तीही ठीक निघाली, कारण तपासणीच्या वेळी हृदयाला कुणी जिना चढायला लावला नव्हता. फाइलमध्ये समतोलचा अहवाल जोडलेला होता, तिन्ही वेळचं जेवण, एकही खाडा नाही. डॉक्टर मुजावरांनी त्यावर सही केली. आईच्या यकृताचा मोठा तुकडा शर्वरीच्या पोटात बसला आणि चौथ्या तासाला काम करायला लागला.

आईकडे उरलेल्या तुकड्याला पुन्हा वाढायचं होतं. वाढायला माल लागतो आणि आईच्या अंगात माल उरलेला नव्हता. तिसऱ्या दिवशी तिच्या पायांना सूज आली, चौथ्या दिवशी धाप लागली. दोघी वेगवेगळ्या खोल्यांत होत्या. नर्सने फोनच्या पडद्यावर त्यांची भेट घडवली. आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तो तिने हाताने बाजूला केला.

"जेवलीस का?"

शर्वरीच्या नाकात नळी होती. तिच्या पोटात तीन दिवस अन्नाचा कण गेला नव्हता. "झालं," ती म्हणाली. "तुझं?"

"झालं माझं," आई म्हणाली. नर्सने मास्क पुन्हा लावला.

सहाव्या दिवशी सकाळी तिचं हृदय थांबलं.

डॉक्टर मुजावर स्वतः शर्वरीच्या खोलीत आल्या. त्या बराच वेळ फाइल उलटत बसल्या. "स्नायू पार गेले होते," त्या म्हणाल्या. "पण नोंदीत तर तिन्ही वेळचं जेवण आहे. मला खरंच कळत नाही हे कसं झालं." शर्वरीने तोंड भिंतीकडे केलं.

अडीच महिन्यांनी तिच्या डोळ्यांतला पिवळा रंग पूर्ण गेला. पोटातला तुकडा वाढून पुऱ्या यकृताएवढा झाला होता, फोटोत तो फार छान दिसत होता. आता डॉक्टरांची तक्रार एकच होती. शर्वरीचं वजन चव्वेचाळीस पूर्णांक दोनवर अडकलं होतं. तीन आठवडे तोच आकडा. त्याच काट्यावर, त्याच खिडकीशेजारी. खायला हवं, चालायला हवं, थोडी वजनं उचलायला हवीत, नाहीतर नवं यकृत पोसणार कशावर, असं त्यांनी बजावलं होतं. शर्वरी घास तोंडाशी न्यायची आणि तिला परातीवरचा तो थांबलेला आवाज आठवायचा.

स्वयंपाक पप्पा करायला लागले होते. त्यांची भाकरी एका बाजूला जाड आणि दुसरीकडे फाटलेली असायची. त्या दुपारी भाकरी करून ते गॅस सिलेंडरची चौकशी करायला गेले. परत आले तेव्हा शर्वरी कॉटवर वही उघडून बसली होती.

"जेवलीस का?"

"झालं माझं."

पप्पा चप्पल काढून आत गेले. टोपलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ते दारात येऊन उभे राहिले.

"चार हायत," ते म्हणाले. "मी चारच केल्या होत्या."

शर्वरीने वही मिटली. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने टोपलीत कधी डोकावलं नव्हतं. आता तो भाकरी मोजत होता.

"पप्पा, ऑपरेशनच्या आधी मला फोन आला होता. त्या कंपनीतनं. आई खरंच जेवते का म्हणून विचारत होते. नाही म्हणाले असते तर त्यांनी यंत्र बंद केलं असतं. आई जगली असती." तिला श्वास घ्यावा लागला. "मी हो म्हणाले. मला माहीत होतं ती जेवत नाही. मला सगळं माहीत होतं."

पप्पा येऊन कॉटच्या कडेला बसले.

"मला पण आला होता," ते म्हणाले.

"तुम्हाला?"

"कागदावर दोघांचे नंबर होते. तुला केल्यावर मला केला त्यानं, खात्री करायला. मी म्हणालो, जेवते की, न जेवायला काय झालं." त्यांनी पंज्याने तोंड पुसलं. "तू खोटं बोललीस, तुला माहीत तरी होतं. मी खरं समजून बोललो. एका घरात, तिच्या हातचं खाऊन उठायचो, आणि मला ठाऊकच नव्हतं."

ते उठून आत गेले. बाहेर आले ते ताट घेऊन. दोन भाकरी, मटकीची उसळ, उकडलेलं अंडं, बाजूला ताक. ताट त्यांनी तिच्या मांडीवर ठेवलं आणि समोरची खुर्ची ओढून घेतली.

"तुमचं?" तिने विचारलं.

"न्हाई झालं. तुझं झाल्यावर घेतो," ते म्हणाले. मग थांबले, उठले, आत जाऊन स्वतःचं ताट वाढून आणलं आणि पुन्हा समोर बसले. "चल. मी बघतोय. तूपण बघ."

शर्वरीने भाकरीचा जाड तुकडा मोडला. पप्पा तिच्या हाताकडे बघत होते आणि ती त्यांच्या. घास तोंडात फिरत राहिला, गिळायला फार वेळ लागला. तरी तिने तो गिळला आणि दुसरा मोडला.